पिक्चर क्लिअर आहे का?

मी कोलकात्याहून बोलतोय. फौजेतून निवृत्त झाल्यावर इथेच राहिलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. आजच्या भागाला मी एकच शब्द घेतलाय. इंग्रजी आहे, पण आपल्या आजीलाही तो माहीत होता. तो शब्द म्हणजे पिक्चर.

मराठीत पिक्चर म्हटलं की पहिल्यांदा सिनेमाच डोळ्यांपुढे येतो. ‘पिक्चर लागलाय’, ‘पिक्चर पडला’, ‘पिक्चरला जाऊ या’. कुणी ‘तो पिक्चर’ म्हणतं, कुणी ‘ते पिक्चर’. मूळ इंग्रजी अर्थ नुसता चित्र असा आहे. हलणारी चित्रं आली तेव्हा त्यांना तेच नाव मिळालं आणि थिएटरांच्या पाट्यांवरून ते आपल्या बोलण्यात उतरलं. इथे कोलकात्यात जमशेटजी मदन यांनी १९०७ साली जे थिएटर काढलं, त्याचं नावच होतं एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस. पुढे ते मिनर्व्हा झालं, मग चॅप्लिन झालं. आज ती इमारत नाही.

बंगाली माणूस मात्र सिनेमाला ‘छोबी’ म्हणतो, म्हणजे चित्रच. भिंतीवरची तसबीरही छोबी, फोटोही छोबी आणि सत्यजित राय यांचा सिनेमाही छोबी. जुन्या पिढीतली माणसं तर सिनेमाला ‘बोई’ म्हणतात, म्हणजे पुस्तक! माझे शेजारी ऐंशीच्या घरात आहेत. ते म्हणतात, ‘काल एक चांगलं बोई पाहिलं.’ सुरुवातीला मला वाटायचं, पुस्तक पाहिलं कसं, वाचलं असेल.

पण त्यात गंमत अशी की चित्र ‘वाचायचं’ असतं ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. बंगालमधले पटुआ, मेदिनीपूरच्या नया गावातले, कापडाची पाठ लावलेल्या कागदाच्या लांब गुंडाळीवर कथा रंगवतात. ते म्हणतात, आम्ही पट ‘लिहितो’. आपल्याकडे पालघर-डहाणूच्या वारली बायका लग्नाचा चौक काढतात, त्यालाही ‘चौक लिहिणं’ असंच म्हणतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक पोथीचित्र समोर धरून कथा सांगतात, गातात. पटुआही गुंडाळी उलगडताना बोट ठेवत गातो. दोन्हीकडे चित्र एकटं सोडलेलं नाही, सांगणारा शेजारी बसलेला आहे. आपण सिनेमाला चित्रपट म्हणतो, त्यातला ‘पट’ आणि पटुआचा ‘पट’ एकच.

आता तिसरा अर्थ. निवडणुकीत अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा असतो, ‘लढतीचे चित्र स्पष्ट’. पावसाने ओढ दिली की ‘खरिपाचे चित्र चिंताजनक’. इथे चित्र कुणी काढलेलं नसतं आणि फोटोही नसतो. दहा ठिकाणची माहिती एकत्र जोडून डोक्यात जे उभं राहतं, ते हे चित्र. इंग्रजीतल्या पिक्चरचा हाच अर्थ आपण चित्र या शब्दावर चढवला.

फौजेत मला रोज भेटला तो हाच अर्थ. ऑप्स रूममध्ये शिरलं की पहिला प्रश्न, ‘व्हॉट्स द पिक्चर?’ उत्तरात तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात. काय दिसलं, त्यावरून आम्हाला काय वाटतं, आणि काय अजून माहीत नाही. या तिघांची सरमिसळ झाली की माणसं मरतात. हे मी भाषणासाठी म्हणून मोठं करून सांगत नाहीये.

ईशान्येत मी कंपनी कमांडर होतो, तेव्हाची एक पहाट. घुसखोरी होणार अशी खबर होती, म्हणून नाल्याच्या वाटेवर आमची एक तुकडी दबा धरून बसली होती. हवालदार आपल्याकडचाच, कोल्हापूर बाजूचा. साडेचारच्या सुमाराला रेडिओवर त्याचा आवाज आला, अगदी हळू. ‘साहेब, चार माणसं दिसतायत. एकाच्या खांद्यावर लांब काहीतरी आहे.’

मी विचारलं, ‘काहीतरी म्हणजे?’

‘लांब आहे, साहेब. एवढंच दिसतंय.’

मी वरच्या मुख्यालयाला तेच शब्द कळवले. पाच मिनिटांनी तिकडून उलट विचारणा आली, ‘चार हत्यारबंद माणसं आहेत, तर अजून कारवाई का नाही?’ मधल्या एका टेबलावर ‘लांब काहीतरी’चं हत्यार झालं होतं. तिथे बसलेल्याने काही पाहिलं नव्हतं. खबर आधीपासून डोक्यात होती, तिच्यात त्याने हे चित्र बसवलं, इतकंच. मी कळवलं, ‘हत्यार दिसलेलं नाही. पिक्चर क्लिअर नाही. उजेडाची वाट बघतोय.’ त्यानंतरची वीस मिनिटं फार लांब होती. खबर खरी असती आणि ती माणसं निसटली असती, तर जबाब मलाच द्यायचा होता. शिवाय माझे आठ जवान त्या नाल्यात पडून होते, आणि त्यांच्याकडून मी थांबायची अपेक्षा करत होतो.

उजाडलं. खांद्यावर बांबू होते. तीन माणसं आणि बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा, जंगलातून परतत होते. हवालदाराने त्यांना थांबवलं, झडती घेतली, पाणी पाजलं आणि सोडून दिलं.

त्या दिवशी मुलगा वाचला तो ‘काहीतरी’ या एका शब्दामुळे. हवालदाराने जेवढं दिसलं तेवढंच सांगितलं. अंधारात, बोट ट्रिगरवर असताना एवढं नेमकं बोलायला किती धीर लागतो, ते बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता एक प्रसिद्ध फोटो बघू. १६ डिसेंबर १९७१, ढाक्याचं रमणा रेसकोर्स. टेबलाशी जनरल नियाझी सही करतायत, शेजारी आपले लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा बसलेत. अरोरा पूर्व कमांडचे प्रमुख, आणि त्या कमांडचं मुख्यालय इथेच, फोर्ट विल्यममध्ये. त्या किल्ल्याचं नाव अलीकडे विजयदुर्ग झालं, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. फोटोच्या उजव्या टोकाला उभे आहेत मेजर जनरल जेकब, कमांडचे चीफ ऑफ स्टाफ, याच कोलकात्यात जन्मलेले.

फोटोत एक संपलेलं युद्ध दिसतं. त्या सकाळी जेकब जवळजवळ एकटे ढाक्याला गेले होते, ते त्यात दिसत नाही. त्यांनीच पुढे लिहिलंय की शहरात पाकिस्तानचे सव्वीस हजारांवर सैनिक होते आणि आपले बाहेर जेमतेम तीन हजार. समोरच्याला मात्र वाटत होतं की आता मार्ग उरलेला नाही. नियाझींच्या डोक्यात एक पिक्चर होतं, जेकबांच्या डोक्यात दुसरं, आणि सही त्या दोहोंच्या फरकावर झाली. फोटो खोटा नाही, फक्त तो सांगणाऱ्यावाचून अपुरा आहे. पटुआशिवाय पट असावा तसा.

हे आज का सांगतोय? कारण आता प्रत्येकाच्या खिशात ऑप्स रूम आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो येतो. खाली कुणीतरी दोन ओळी लिहिलेल्या असतात, ‘अमुक गावात काल काय झालं बघा.’ फोटो कदाचित खराच असतो, पण दुसऱ्या गावचा, दुसऱ्या साली काढलेला. हल्ली तर न घडलेल्या गोष्टीचंही चित्र यंत्र तयार करून देतं. आपण पुढे पाठवतो, आणि त्या मधल्या टेबलावरच्या माणसाचं काम आपण करतो. कुणाच्या तरी खांद्यावरचा बांबू तेवढ्यात बंदूक होतो.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींना, कारण फॉरवर्ड करण्यात आपण तरुणांच्या पुढे आहोत. फोटो आला की तीन प्रश्न विचारा. यात मला प्रत्यक्ष काय दिसतंय? मला काय वाटतंय, आणि ते आधीपासूनच वाटत होतं का? काय माहीत नाही: कुठला, कधीचा, कुणी काढलेला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत बोट थांबवा. घरच्या ग्रुपवर ‘पिक्चर क्लिअर नाही’ एवढं लिहिलंत तरी पुरे. लोक तुम्हाला भित्रे म्हणतील. त्या पहाटे मलाही कुणीतरी म्हटलं असेल.

पुढच्या भागात ‘रिपोर्ट’ हा शब्द घेऊ. तोवर नमस्कार. जय हिंद.