सहावी ते आठवीची प्रयोगशाळा
(पालक-मेळाव्यात दिलेले भाषण)



शाळेत प्रवेश घेताना पालक विचारतात, "प्रयोगशाळा आहे ना?" प्रश्न योग्य आहे. परंतु त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे: तेथील वस्तूंना सातवीच्या मुलाचा हात लागतो काय? पुष्कळ ठिकाणी उपकरणे काचेच्या कपाटात कुलूपबंद असतात, तपासणीच्या आदल्या दिवशी पुसली जातात, आणि वापरायची ती नववी-दहावीच्या मुलांनी, अशी रीत पडून गेली आहे. लहान वर्गांनी आकृती पाहावी, फार तर गुरुजींनी टेबलावर करून दाखविलेले लांबून पाहावे. मला ही रीत उलटी वाटते. वस्तू उघडून पाहण्याची खरी हौस अकरा ते चौदा या वयातच असते. घरातले जुने घड्याळ कोण मोडते, हे पालकांना सांगावयास नको.

एक साधा प्रयोग घ्या. दोऱ्याला दगड बांधून तो खिळ्याला टांगावा. खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत अंतर बरोबर एक मीटर ठेवावे. आधी वर्गाला विचारावे: जड दगड बांधला तर झोके लवकर होतील की उशिरा? बहुतेक मुले ठामपणे सांगतात, जड दगड लवकर जाईल. मग थोडासाच झोका देऊन वीस झोके मोजावेत. जाऊन परत आला म्हणजे एक झोका. सुमारे 40 सेकंद लागतात. दुप्पट वजनाचा दगड बांधा, पुन्हा 40. येथे वर्गात भांडण सुरू होते. कोणी म्हणतो, याने एकोणीसच मोजले. कोणी म्हणते, घड्याळ उशिरा पाहिले. भांडू द्यावे, आणि पुन्हा मोजू द्यावे. कारण भांडण मिटविणारा तेथे गुरुजी नसतो, दोरा असतो. शेवटी दोरा 25 सेंटिमीटर करा. वीस झोके 20 सेकंदांत पुरे होतात. लांबी चौथाई केली, वेळ निम्मा झाला. हा नियम ज्याने स्वतः मोजून काढला, त्याला पाठ करावा लागत नाही.

आपल्या उर्दू माध्यमाच्या मुलांना एक शब्द आयताच मिळाला आहे. मराठीत प्रयोग निराळा आणि अनुभव निराळा. उर्दूत दोन्हींना तजुर्बा म्हणतात, आणि प्रयोगशाळेला तजुर्बागाह. दुसऱ्याने केलेला तजुर्बा पाहून आपल्या पदरी कितीसा पडणार?

हे विचार नवे नाहीत, आणि परक्या देशातूनही आणावयाचे नाहीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढले. या केंद्राने आपल्या सुरुवातीच्या काळातच ग्रामीण शाळांतील विज्ञानाचे काम करण्यासाठी जागा निवडली ती आपल्या जिल्ह्यातील, रावेर तालुक्यातील खिरोदा. दुसरे उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गाच्या टोकाचे. इटारसीच्या पुढे होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम. तेथे किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी 1972 मध्ये सोळा शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. वर्ग सहावी ते आठवीचेच. मुलांनी टोळ्या करून स्वतः प्रयोग करावेत, निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहावेत, अशी पद्धत. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यांची परीक्षा. मुलांना पुस्तक आणि वही बरोबर नेण्याची मुभा होती, आणि प्रात्यक्षिकाचीही परीक्षा होत असे. परीक्षा पाठांतराची असेल तर प्रयोगाचा तास गणिताला दिला जातो, हे आपण सर्व जाणतो. पुढे हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला. 2002 मध्ये मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. तीस वर्षे सरकारी शाळांतून तो चालला ही गोष्ट मात्र कोणी पुसू शकत नाही.

पैशाचा मुद्दा निघेलच. अटल टिंकरिंग लॅबसाठी केंद्राकडून 20 लाख रुपयांपर्यंत अनुदानाची योजना 2016 मध्ये आली. मिळाले तर आनंदच आहे. पण ते मिळेपर्यंत मुलगा दहावी पास होऊन जाईल. हळदीत बुडवून वाळविलेला कागद चुन्याच्या निवळीत लाल होतो, याला अनुदान लागत नाही. एक सेल, एक बल्ब आणि तारेचा एकच तुकडा देऊन दिवा लावावयास सांगा. बल्बला टोक आणि कड अशा दोन जागी जोडणी लागते, हे कळेपर्यंत हुशार मुलेही घामाघूम होतात. आणि आपण तर भुसावळचे! 13 मीटर लांबीचा पोलादी रूळ 50 अंशांनी तापला तर सुमारे 8 मिलिमीटर वाढतो. उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा धडा येथल्या मुलांनी कोरडा का वाचावा? रेल्वेत नोकरी केलेले, मोटार वाइंडिंग करणारे, वेल्डिंगचे, सायकल दुरुस्तीचे काम करणारे पालक येथे बसले आहेत. शाळेने त्यांना महिन्यातून एक तास वर्गात बोलवावे. त्यांचा मुलगा त्या दिवशी ताठ मानेने बसेल.

मुलींविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. टोळीत बहुधा मुलगा हात लावतो आणि मुलगी वहीत लिहिते, कारण तिचे अक्षर चांगले. अक्षर सुधारण्याची गरज मुलांना अधिक आहे. चौघांची टोळी करावी, पाळी ठरवावी, आणि ज्या वर्गात फक्त मुली आहेत तेथेही पेचकस त्यांच्याच हाती द्यावा. पालकांनी घरी "हात काळे का केलेस?" म्हणून रागावू नये, एवढी विनंती. विस्तवाजवळ शिक्षकाने स्वतः उभे राहावे. तेजाब या वर्गांना नकोच.

येत्या महिन्यापासून दर शनिवारी सातवीपासून सुरुवात करता येईल. घरात पडलेले टॉर्चचे बल्ब, जुन्या रेडिओतील लोहचुंबक, सायकलीचा बिघडलेला डायनॅमो, भिंग, औषधाच्या रिकाम्या बाटल्या शाळेच्या कचेरीत आणून द्याव्यात. त्या धुऊन, वर्गवारी करून ठेवण्याचे काम आठवीच्या विद्यार्थ्यांकडे सोपवावे, आणि त्या कपाटाची किल्लीही.