घर असूनही तंबूत एक रात्र
(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. बँकेत दिवसभर आकड्यांची जुळवाजुळव करणारा एक साधा कारकून आहे. परंतु गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब पवना धरणाच्या काठी तंबूत एक रात्र राहिलो, त्याचा अनुभव सांगावा असा आग्रह झाला, म्हणून आपल्यासमोर उभा आहे.

माझी मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. बोनकोड्यातील इमारतीत जन्मलेली ही मुले. त्यांना जमिनीवरचा काळोख ठाऊक नाही. तंबूत राहण्याचा बेत ऐकून ती नाचू लागली. आई मात्र गप्प झाली. रात्री जेवताना म्हणाली, "अरं, आमचा जन्म उघड्यावर झोपण्यात गेला. आता पक्कं घर हाय, तर पैसं देऊन उघड्यावर झोपायला निघालास व्हय?"

मित्रहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आई बीड जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती १२ वर्षांची होती आणि आईबापांबरोबर खडी फोडण्याच्या कामावर जात होती. पुढे ऊसतोडीला गेल्यावर कारखान्याजवळच्या कोपीत तिचे हिवाळे गेले. पाचट आणि बांबूची ती कोपी म्हणजेच तिचा तंबू. मी तिला एवढेच म्हणालो, "आई, तू बरोबर चल. तुला पटले नाही तर पुन्हा जाणार नाही."

जाण्यापूर्वी एक शहाणपण मात्र केले. मित्राकडून तंबू मागून आणला आणि एका शनिवारी इमारतीच्या गच्चीवरच उभारला. खुंट्या ठोकता येईनात म्हणून दोऱ्या विटांना बांधल्या. त्या एका रात्रीत पुष्कळ कळले. धाकट्याला अंधाराची भीती वाटते, पहाटे दवाने पांघरूण ओलसर होते आणि प्रत्येकाजवळ स्वतंत्र बॅटरी हवी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अशी रंगीत तालीम जरूर करावी. चुकले तर घर एका जिन्यावर असते.

कोपरखैरण्याहून ठाणे, तेथून लोणावळा, पुढे पुणे लोकलने कामशेत आणि मग जीपने पवनानगर असा आमचा प्रवास झाला. समोर तिकोना आणि तुंग किल्ले, मध्ये धरणाचे पाणी. एका शेतकऱ्याच्या रानात भाडे देऊन जागा घेतली. मी हौसेने पाण्याच्या अगदी जवळ तंबू मांडू लागलो, तेव्हा त्या शेतकऱ्याने वर सपाट जागेवर जायला सांगितले. धरणाचा काठ फसवा असतो. दोन पावलांवर चिखल आणि चौथ्या पावलावर खोल पाणी लागू शकते. मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय पाण्याकडे जायचे नाही, हा नियम आम्ही मुलांना तिथेच घालून दिला.

रात्री थंडी वाढली. शेगडी आत घ्यावी असे मला वाटले, पण ते जिवावरचे काम आहे. बंद तंबूत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेगडी बाहेरच विझविली आणि एक जादा चादर अंथरली. अंगाखाली पुरेसे अंथरूण नसेल तर वरची पांघरुणे कामी येत नाहीत.

दोनच्या सुमारास वारा सुटला. तंबू फडफडू लागला, दोन खुंट्या उपटल्या, मुले रडू लागली. मी गोंधळून गेलो. आई मात्र शांतपणे उठली. "खुट्टी सरळ नसती ठोकायची, डोकं भाईर कलतं ठेवायचं," असे म्हणून तिने माझ्याकडून खुंट्या पुन्हा ठोकून घेतल्या आणि वर दगड ठेवविले. मग नातवाला कुशीत घेऊन ती झोपली. सकाळी मुले चपला घालायला धावली, तर तिने त्यांना थांबविले आणि प्रत्येक चप्पल उलटी करून झटकली. विंचू-काट्याची ही जुनी सवय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाच्या कितीतरी रुग्णांना वाचविले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही चप्पल झटकणे हेच पहिले औषध. साप चावल्यास कापाकापी किंवा मंत्रतंत्र न करता चावलेला अवयव न हलविता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालय गाठावे.

चहा पिताना मुलीने विचारले, "आजी, तूपण लहानपणी कॅम्पिंगला जायचीस?" आई हसली. म्हणाली, "व्हय गं बाई, सहा सहा महिनं. पर आम्हाला परतायला घर नव्हतं." मग तिने कोपीची सगळी हकीकत सांगितली. इतक्या वर्षांत ती मीही पुरती ऐकली नव्हती. लाजेपोटी तिने सांगितली नाही आणि आम्ही कधी विचारली नाही.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. परतायला घर आहे म्हणूनच तंबूत मौज आहे. ते घर ज्यांच्या कष्टांतून आले त्यांची ओळख मुलांना व्हावी, यासाठी अशी एक रात्र उपयोगी पडते.

१९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी सुमारे २० मुलांचे शिबिर भरविले. त्यातून पुढे स्काउट चळवळ उभी राहिली. त्या शिबिरात बड्या शाळांतील मुले होती तशीच कष्टकरी घरांतीलही होती. तंबूत सर्वांची जमीन एकच असते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की, दोन-तीन चांगले तंबू विकत घ्यावेत आणि गरजेप्रमाणे सभासदांना वापरायला द्यावेत. प्रत्येक कुटुंबाला ते परवडतीलच असे नाही. विद्यार्थी मित्रांना सांगणे असे की, जाल तेव्हा आजी-आजोबांना बरोबर न्या आणि त्यांना बोलते करा. आजही ऊसतोडीच्या हंगामात तुमच्याच वयाची मुले कोपीत राहतात, शाळा बुडवून. त्यांचा विसर पडू देऊ नका.

आईला मी परतताना विचारले, "पटले का?" ती म्हणाली, "पुढच्या येळंला गोधडी घे, ही चादर काय कामाची न्हाय."