‘कांद्यावर बोला!’



नाशिकच्या साहित्यसभेत अध्यक्षाने गोदामाईचं गुणगान करावं, कुसुमाग्रजांचं नाव घ्यावं आणि टाळ्या घेऊन खाली बसावं, अशी आपल्याकडची रीत आहे. नाव घेऊन झालं. आता भांडतो.

15 मे 2024. पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा. आदल्या डिसेंबरात केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केलेली. मे उजाडल्यावर बंदी उठली, तीही 40 टक्के शुल्क लावून. भाषण चालू असताना गर्दीतून एक तरुण ओरडला, ‘कांद्यावर बोला!’ पोलिसांनी त्याला बाहेर काढलं. पाच दिवसांनी लोकसभेचं मतदान झालं आणि याच दिंडोरी मतदारसंघात केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. एका आरोळीने पडल्या, असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण देशातल्या सर्वांत ताकदवान माणसाला भर भाषणात कोणीतरी टोकलं, ते समोर मैदान होतं म्हणून.

आता तोच प्रचार तुमच्या खिशातल्या फोनवर येतो. तिथे ओरडून दाखवा! लासलगावच्या शेतकऱ्याला एक क्लिप, सिडकोतल्या कामगाराला दुसरी, कॉलेज रोडवरच्या पोराला तिसरी. याला काय सांगितलं ते त्याला ठाऊक नाही, मग थाप पकडणार कोण? सभेचा भोंगा रात्री दहाला बंद होतो, मतदानाच्या 48 तास आधी जाहीर प्रचार थांबतो. तुमच्या फॅमिली ग्रुपवरचा कधी थांबला होता? आणि हे एकाच पक्षाचं पाप नाही. आयटी सेल सगळ्यांनी पोसलेत. कुणाचा धष्टपुष्ट, कुणाचा किडकिडीत, एवढाच फरक.

व्हिडिओशी माझं वैर नाही. 2019 च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत भाजपविरोधात राज्यभर फिरले. स्वतःचा एकही उमेदवार नव्हता, तरी मैदानं भरली. पडद्यावर काय दाखवलं ते सर्वांनी मिळून पाहिलं, म्हणूनच भाजपला जाहीर उत्तर द्यावं लागलं. वाद असा होतो. मला भीती आहे ती प्रत्येकाला एकेकटं गाठून पटवण्याची.

एकेकट्याला गाठून पटवलेलं किती खोल जातं ते शेजारच्या धुळे जिल्ह्यात दिसलं. 1 जुलै 2018, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होती. गर्दी होती, बाजार होता, पंचायतीचं छप्परही होतं. ‘थांबा, आधी विचारू तर’ हे शब्द मात्र कुणाच्या हातांना थोपवू शकले नाहीत. त्याच दिवशी आपल्या मालेगावात पोलिसांनी पाच जणांना जमावाच्या तावडीतून सोडवलं, म्हणून ते वाचले. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. मेलेले पाच, मर्यादाही पाच. योगायोगच असेल.

कोणी म्हणेल, तुमचं जुनं मैदान तरी सगळ्यांचं कुठे होतं? अगदी बरोबर. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी याच पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, तो दलितांना दार बंद होतं म्हणूनच. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी पाच वर्षं त्या दाराशी झुंजले. ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांच्या हाती आज फोन आहे, याचा मला आनंदच आहे. पण बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिकही काढलं आणि माणसंही दारात उभी केली. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून निघालेल्या शेतकऱ्यांच्या रक्ताळलेल्या पावलांचे फोटो देशभर फिरले. त्याआधी ती पावलं मुंबईपर्यंत चालली होती.

आणि आपण साहित्यिक? आपल्या ग्रुपवर पाटी असते, ‘राजकीय पोस्ट नकोत’. विखारी फॉरवर्ड आला की वीस जण वाचतात, कोणी बोलत नाही. बोललं तर वातावरण बिघडतं म्हणे! मग तोच विखार आपल्या सुनेला, नातवाला, वॉचमनला जातो आणि आपण परिसंवाद भरवतो, ‘समाजमाध्यमे आणि साहित्य’.

माझी मागणी साधी आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या नावाने या शहरात जे काही पाडलं, तोडलं, बांधलं जाईल, त्याचा हिशेब रीलमध्ये नको. महापालिकेचे अधिकारी आणि आमदार यांनी गोदाघाटावर येऊन, लोकांसमोर, माईक त्यांच्या हाती देऊन तो द्यावा. आपण आमंत्रण धाडू. नाही आले तर रिकाम्या खुर्च्यांचा फोटो मीच फॉरवर्ड करीन.

आभारप्रदर्शन जरा थांबवा. तो माईक आधी शेवटच्या रांगेत न्या. माझं जे पटलं नसेल ते तोंडावर सांगा.