परिचय : ज्याचा त्याने लिहिलेला



आताच चिटणीसांनी आमचा जो परिचय वाचून दाखविला आणि ज्याला आपण उदारपणे टाळ्या दिल्या, तो आम्हीच लिहिलेला होता. हे आधीच सांगून टाकलेले बरे. व्याख्यानाच्या आमंत्रणाबरोबर ‘दहा ओळींत माहिती पाठवावी’ असे पत्र येते, आणि लेखक स्वतःलाच ‘ते’ म्हणू लागतो. ‘ते सिद्धहस्त कथाकार आहेत.’ सिद्धहस्त हा शब्द आम्ही तीनदा लिहिला नि तीनदा खोडला. चौथ्यांदा तो राहिला, हे आपण ऐकलेच.

या कामाचा एक जुना मराठी नमुना आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी ग्रंथकर्ता स्वतःविषयी थोडे बोलतो. आधी स्थळ : महाराष्ट्रमंडळ, गोदेचा काठ. मग राज्य करणारा यादव राजा रामचंद्र. त्यानंतर स्वतःचे नाव; पण पित्याच्या जागी निवृत्तिनाथ. ते वास्तविक थोरले बंधू, परंतु गुरू. म्हणून ज्ञानदेव त्यांचे पुत्र म्हणवितात. विठ्ठलपंतांचा संन्यास, मुलांना पडलेला बहिष्कार, परंपरा सांगते त्या साऱ्या हकिकतीला तेथे एक ओवीही नाही. आजचा कोणी असता तर त्यावरच दोन खंड काढता! गीतेला देशी भाषेचे लेणे केले, एवढेच स्वतःचे काम सांगितले आहे. प्रचलित प्रतींत अखेरीस शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हे साल येते, आणि सच्चिदानंदबाबांचे नाव. गंमत अशी, की तेथे ‘लेखक’ हा शब्द ज्ञानदेवांना लावलेला नाही; ज्यांनी ते लिहून घेतले त्या बाबांना लावला आहे.

हे परवा पुन्हा वाचले आणि आमचे दहा ओळींचे टिपण आठवून आम्ही खजील झालो. आमचे अक्षर छापखान्यातल्या कोणालाही लागत नसे. पहिल्या तीन पुस्तकांची सगळी पाने आमच्या पत्नीने रात्री, मुले निजल्यावर, स्वच्छ उतरून काढली. कित्येक ठिकाणी वाक्ये तिने सुधारली. ती आम्ही आमचीच मानीत आलो. त्या दहा ओळींत एका साहित्य मंडळाचे आमचे अकरा महिन्यांचे उपाध्यक्षपद आहे; ती कोठेच नाही. या क्षणी ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

चिटणीसांना विनंती, की व्याख्यानांचे पुस्तक छापण्यापूर्वी तो कागद आमच्याकडे परत यावा. ‘सिद्धहस्त’ राहू द्यावा. ज्या हाताला तो शोभतो, त्याचे नाव तेवढे त्यापुढे घालावयाचे आहे.