लखन भैयाची केस आणि माझा दादा

कळंबवरून बोलतोय. चिंतामणीचं कळंब, यवतमाळ जिल्ह्यातलं. धाराशिववाल्यांनी रागावू नये.

परवा टपरीवर चहा घेताना मी मुंबईच्या लखन भैया प्रकरणाचा विषय काढला, तर शेजारचा म्हणाला, "गुंड मेला त कोणाचं काय गेलं भाऊ?" मी गप्प बसलो. कारण काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो.

तेव्हा मला त्या तारांबद्दल माहीत नव्हतं. ११ नोव्हेंबर २००६ ला वाशीतून रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया आणि त्याचा मित्र यांना उचललं. रात्री पोलिसांनी सांगितलं की वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ चकमक झाली, लखन ठार. पण त्याचा भाऊ वकील. त्याने दुपारीच वरिष्ठांना तारा पाठवल्या होत्या, की भावाला पोलिसांनी नेलंय, जिवाला धोका आहे. म्हणजे चकमकीची बातमी यायच्या आधीच तक्रार कागदावर. हे वाचलं आणि माझं "गुंड होता ना" तिथंच अडकलं. त्याच्यावर गुन्हे होते, मान्य. पण मग कोर्टात न्यायचं होतं.

२०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली, त्यात १३ पोलीस. प्रदीप शर्मा सुटले. सोबत उचललेला तो मित्र मात्र निकाल बघायला नव्हता. मार्च २०११ मध्ये, साक्षीच्या काही दिवस आधी, तो बेपत्ता झाला आणि मग मनोरकडे जळालेला मृतदेह मिळाला.

आता राजकारण. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने यातल्या ११ पोलिसांची शिक्षा स्थगित केली. बघा, राज्याच्याच सरकारी वकिलाने भांडून मिळवलेली शिक्षा. मधे सत्ताधारी बदलले होते, पण राज्य तेच ना? जन्मठेपेचा साधा कैदी सुटकेसाठी चौदा वर्षांचे दिवस मोजतो, यांना अडीच वर्षांत फाटक उघडलं. भाऊ पुन्हा कोर्टात गेला आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्याच वर्षी शर्मा नोकरी सोडून शिवसेनेकडून नालासोपाऱ्यात उभे राहिले, आणि पडले.

अमेरिकेतही असंच झालं होतं. टेक्सासच्या सीमेवर २००५ मध्ये पळत्या गांजा तस्करावर गोळी झाडून ती गोष्ट दडवल्याबद्दल सीमेवरच्या दोन जवानांना ११ आणि १२ वर्षांची शिक्षा झाली. कितीतरी खासदार त्यांच्या बाजूने. शेवटी जानेवारी २००९ मध्ये बुश यांनी जाता जाता शिक्षा कमी केली, दोष मात्र तसाच ठेवला. निदान सही करणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं!

१९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाने शर्मांची सुटका चुकीची ठरवून त्यांना जन्मठेप दिली, १२ पोलिसांची आणि एका बाहेरच्या माणसाची शिक्षा कायम केली, सहा जणांना सोडलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने शर्मांना जामीन दिला.

माझा आतेभाऊ पोलिसात आहे. हवालदार. हे सगळं त्याला फोनवर ऐकवलं तर म्हणाला, "वरच्यानं सांगितलं त खालच्यानं काय करावं, ते सांग ना." मला उत्तर सुचलं नाही. शिक्षा झालेल्यांत शिपाईही होते, बायकापोरं असलेले. दादाचा प्रश्न खोटा नाही. पण वाशीत गाडीत बसवलेल्या माणसालाही कोणी विचारलं नव्हतं.

मी विचारलं, "दादा, हे रेकॉर्डिंगमध्ये घेऊ का?"

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "घे. फक्त ठाण्याचं नाव सांगू नको."