शोकवाङ्मयाचे वाचन

(मंडळाच्या नाशिक येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या दिवशी विद्यार्थ्यांचा गुणगौरव व्हावा, वधूवरसूचीची चर्चा व्हावी, जमाखर्च मंजूर व्हावा, हे रीतीस धरून आहे. अशा मंगल प्रसंगी आम्ही शोकाच्या पुस्तकांवर बोलण्याचे योजिले, हे कित्येकांस विचित्र वाटले असेल. चिटणीसांनी तर विषय ऐकून क्षणभर आमच्या तोंडाकडेच पाहिले. परंतु गतवर्षीची स्मरणिका एकदा चाळून पाहावी. प्रारंभी आशीर्वाद, मग उत्तीर्ण मुलामुलींची छायाचित्रे, मग जाहिराती, आणि शेवटी काळ्या चौकटीतील ती पाने. त्या पानांशी आले की वाचणाऱ्याचा हात थांबतो. एखाद्या चेहऱ्यावर दृष्टी खिळते, आणि मग पान घाईने उलटले जाते. त्या काळ्या चौकटींमागे जी घरे आहेत त्यांच्यासाठी मंडळाने आजवर वर्गणी गोळा केली, शिष्यवृत्त्या दिल्या, ठराव केले. वाङ्मयाने त्यांच्यासाठी काय केले आहे, ह्याचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही. तो आज थोडासा करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

आपल्याकडे शोक ही एकट्याने करण्याची गोष्ट कधीच नव्हती. कोणी गेले म्हणजे शेजारी चूल पेटे, पिठले-भात येई, आप्तेष्ट दुखवट्यास येत. गेलेल्या माणसाची तीच हकीकत दहा वेळा सांगितली जाई, आणि दहा वेळा ऐकणारेही असत. पुष्कळ घरांतून ह्या दिवसांत गरुडपुराण वाचण्याचा प्रघात आहे. म्हणजे मृत्यूनंतर काहीतरी मोठ्याने वाचावे आणि सर्वांनी बसून ऐकावे, ही कल्पना आपणांस परकी नाही. परंतु २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांत ही सारी घडी मोडली. २०२१ च्या एप्रिलात तर प्राणवायूच्या गळतीमुळे ह्या आपल्या शहरात एकाच दिवशी वीसाहून अधिक रुग्ण दगावले. त्या साथीत ज्यांची माणसे गेली, त्यांच्यापैकी कित्येकांस शेवटचे दर्शन झाले नाही, खांदा देता आला नाही, आणि दाराशी दुखवट्यास कोणी येऊ शकले नाही. रामकुंडावर अस्थी विसर्जन झाल्या असतील, दहावा-तेरावा कसाबसा उरकला असेल. पण सांगणे आणि ऐकणे राहून गेले ते राहूनच गेले. आमच्या परिचयाची अशी अनेक घरे आहेत की जेथे त्या माणसाचे नाव अद्यापि उच्चारले जात नाही.

ह्या न बोललेल्या शोकाचे वर्णन बाराशे वर्षांपूर्वी एका कवीने करून ठेवले आहे, आणि ते आपल्या पंचवटीतच बसून केल्यासारखे आहे. विदर्भातील पद्मपुरच्या भवभूतीचे 'उत्तररामचरित' हे ते नाटक. पंचवटीत आपण काळाराम पाहतो, सीतागुंफेत वाकून शिरतो, पाहुण्यांस सीताहरणाची जागा दाखवितो. भवभूती मात्र सीताहरणाची नव्हे, तर त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झालेल्या रामाच्या पुनरागमनाची कथा सांगतो. सीतेचा त्याग होऊन बारा वर्षे लोटली आहेत. राजा म्हणून रामाने शोक कोणास दाखविलेला नाही. बंद तोंडाच्या पात्रात औषध भाजावे तसा तो आतल्या आत भाजत राहिला आहे. असा हा राम तिसऱ्या अंकात पुन्हा पंचवटीत येतो. वासंती नावाची वनदेवता, सीतेची जुनी सखी, त्यास एकेक जागा दाखविते. सीतेने स्वहस्ते वाढविलेला हत्तीचा छावा, तिने नाचविलेला मोर, दोघांची बसण्याची शिळा. रामाचा बांध फुटतो, तो मूर्च्छित होतो. आणि गंगेच्या वराने अदृश्य झालेली सीता तेथेच उभी राहून हे सर्व पाहते, त्यास स्पर्श करून सावध करिते.

ह्या अंकात तमसा नदीच्या तोंडी एक विचार घातला आहे. तळे काठोकाठ भरून फुटू पाहते तेव्हा पाण्यास वाट काढून देणे हाच त्यावर उपाय असतो, आणि शोकाने क्षुब्ध झालेले हृदयही विलापामुळेच तग धरते. ज्याने धरण पाहिले आहे त्यास हा विचार समजावून सांगावा लागत नाही. गंगापूरच्या दरवाजांतून वेळीच पाणी सोडले नाही तर काय होईल, हे नाशिककरास विचारावे! करुण हाच एक मुख्य रस आणि इतर रस ही त्याची रूपे, असेही हा कवी म्हणतो. त्यावर पंडितांचा वाद असेल तर असो. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, बारा वर्षे कोंडलेला शोक वाहू लागला तो कोणीतरी बरोबर चालून जुन्या जागा दाखविल्या म्हणून. चांगले शोकवाङ्मय वासंतीचे हे काम करिते. परशुरामतात्या गोडबोले ह्यांनी ह्या नाटकाचे मराठी भाषांतर केलेले आहे. संस्कृत न येणाऱ्यास तेवढीही सबब उरत नाही.

नाशिकचा ह्या विषयाशी दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. 'श्यामची आई' हे पुस्तक आपल्या सर्वांच्या घरी आहे, परंतु ते नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले हे नव्या पिढीतील किती जणांस ठाऊक असेल? सविनय कायदेभंगातील शिक्षा भोगीत असता साने गुरुजींनी ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ते लिहावयास घेतले आणि १३ फेब्रुवारीस पुरे केले. पाच दिवस! आई जाऊन तोवर पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. आई १९१७ साली गेली आणि ती गेली तेव्हा मुलगा जवळ नव्हता. मुलांच्या हाती हे पुस्तक संस्काराचे म्हणून दिले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि प्रौढ वयात ते पुन्हा वाचले म्हणजे ध्यानी येते की, शेवटच्या क्षणी पोहोचू न शकलेल्या मुलाने स्वतःसाठी केलेले ते श्राद्ध आहे. पुस्तकाची रचनाही पाहावी. श्याम रोज रात्री आश्रमातील मित्रांस जमवून एकेक आठवण सांगतो. बेचाळीस रात्री तो सांगतो आणि बेचाळीस रात्री ते ऐकतात. दुखवट्यास आलेल्या मंडळींचेच हे काम नव्हे काय? आईच्या मृत्यूनंतर तिच्या लाडक्या मांजरीचे काय झाले, तेही गुरुजी विसरत नाहीत. शोकाकुल घरातील माणसास अशाच बारीक गोष्टी आठवत असतात आणि त्या कोणापाशी बोलण्याचा त्यास संकोच वाटतो. आचार्य अत्र्यांनी ह्यावरून काढलेल्या चित्रपटास १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. चित्रपट पाहून रडलेले पुष्कळ भेटतात. पण आमचे मत असे की पुस्तकातील रडणे निराळे आहे, कारण तेथे आपणांस हवे तेव्हा थांबता येते.

आता 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळक ह्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. त्याचा आरंभच एका मृत्यूच्या छायेत होतो. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांस सोवळ्याचे वेड लागले आणि सारे घर त्या वेडापायी पिळून निघाले. शोकास तोंड फुटले नाही तर तो कोणते रूप घेतो, ह्याचे इतके चोख उदाहरण आम्ही अन्यत्र वाचलेले नाही. आणि हे सर्व बाई हसत हसत सांगतात! पुढे १८९५ मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा नवरा हयात असून घरात सुतक आल्यासारखी अवस्था झाली. अशा प्रसंगी त्या काळचा समाज आणि भाऊबंद कसे वागत, हा भाग आपल्यासारख्या ज्ञातिमंडळाने तर मुद्दाम वाचावा. माणूस मेल्यावर आपण सांत्वनास धावतो. परंतु माणूस दुरावला, मुलीने घर सोडले, मुलाशी बोलणे तुटले, अशा घरी कोण जातो? त्या शोकास सुतक नाही, तेरावा नाही, स्मरणिकेत चौकटही नाही. १९१९ मध्ये टिळक वारले. पाठीमागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य स्वतः पुरे केले. धर्माचा प्रश्न बाजूस ठेवून, ज्यांच्या घरी कोणाचे काम अर्धवट राहिले आहे त्यांनी ह्या गोष्टीकडे पाहावे.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून येऊ लागली. वैधव्याचे दुःख तोवर घराघरात होते, पण ते यमूने पहिल्या पुरुषी बोलून दाखविले आणि माजघरातील स्त्रियांस आपली भाषा छापलेली आढळली. ह्याहून अधिक सांगण्याची येथे आवश्यकता नाही. आपल्या पणज्यांच्या तसबिरी पाहिल्या म्हणजे उरलेले समजते.

कवितेकडे वळावयाचे तर गोविंदाग्रजांचे 'राजहंस माझा निजला' प्रथम आठवते. मूल गेले हे मानावयास तयार नसलेली आई त्यात बोलते. तिची समजूत कोणी घालीत नाही, कवीही नाही. उपदेश न करण्याचे हे धैर्य मोठे आहे. दुसरे टोक इंदिरा संत ह्यांचे. त्यांचे पती, कवी ना. मा. संत, १९४६ साली निवर्तले. पुढे बेळगावी संसाराचा आणि नोकरीचा भार वाहत त्यांनी 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' हे संग्रह दिले. त्यांत हंबरडा कोठेही नाही. पाऊस आहे, संध्याकाळ आहे, घरातील साध्या वस्तू आहेत, आणि त्यांमधून एक माणूस नाही एवढेच जाणवत राहते. ज्यांस मोठ्याने रडता येत नाही अशा भगिनींनी ही पुस्तके हाती घ्यावीत.

आणि आपले तात्यासाहेब! कुसुमाग्रजांविषयी नाशिककरांस आम्ही काय सांगावे? 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या आईबापांची मुलांनी केलेली उपेक्षा एवढेच बहुतेक प्रेक्षक त्यातून घरी नेतात. पत्नीच्या मागे उरलेल्या वृद्ध पुरुषाचे एकाकीपण हाही त्याचा गाभा आहे, आणि आपल्या समाजातील विधुर वडीलधाऱ्यांची त्या बाबतीत कोणी वास्तपुस्त करीत नाही. 'कणा' ही कविता तर शाळेतील मुलांसही पाठ असते. पुराने घर वाहून गेलेला जुना विद्यार्थी गुरुजींकडे येतो. त्यांचा हात खिशाकडे जातो, पण त्यास पैसा नको असतो. गोदेस गंगा म्हणणाऱ्या आणि पूर किती चढला हे दुतोंड्या मारुतीवरून मोजणाऱ्या गावातच हे चित्र सुचावे, ह्यात नवल नाही. मदतनिधीच्या समितीवर जे आहेत त्यांनी दरवर्षी एकदा ही कविता वाचून मग बैठकीस बसावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

आक्षेप आम्हांस माहीत आहे. घरात आधीच दुःख, त्यात आणखी रडकी पुस्तके कशास? वडील मंडळी तर असे वाचन अशुभ मानतात. ह्यात तथ्यांश आहे. रडविण्यासाठीच रचलेले वाङ्मय पुष्कळ आहे, विशेषतः दूरदर्शन आल्यापासून. त्याने डोळे ओले होतात आणि मन कोरडे राहते. त्याचा पुरस्कार आम्ही करीत नाही. तसेच तिसऱ्या दिवशी कोणाच्या हाती पुस्तक देणे हा अविचार होय. त्या वेळी चहाचा पेला आणि जवळ बसणे पुरे. महिना, दोन महिने, कधी वर्षही जाऊ द्यावे. कोणते पुस्तक कोणास, हेही पाहिले पाहिजे. मूल गमावलेल्या आईस 'राजहंस' वाचावयास देऊ नये. तिला हवे असेल तर ती आपण होऊन शोधील. आणि ज्याची झोप-भूक महिनोन्महिने गेली आहे, जो जगणे नको म्हणू लागला आहे, त्यास पुस्तक नव्हे तर तत्काळ वैद्य हवा. ह्यात लाज मानण्याचे कारण नाही.

ह्या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. शोकग्रस्त माणसास वाटत असते की आपल्यासारखे कोणावर गुदरले नाही, आणि आपल्या मनात येते ते बोलण्यासारखे नाही. गेलेल्याचा राग येतो, क्वचित सुटल्यासारखे वाटते, एखादे वेळी भलतेच हसू येते. हे सर्व छापलेल्या पानावर, दुसऱ्या कोणाच्या नावे, भेटले म्हणजे तो माणूस आश्वस्त होतो. सांत्वनास आलेले लोक त्यास 'सावर' म्हणतात. पुस्तक तसे म्हणत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्या गावात १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. वर उल्लेखिलेली पुस्तके दुर्मिळ नाहीत. मंडळाच्या कार्यालयातही एक कपाट आहे, त्यात सध्या जुन्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे आहेत. ते खाली करून ह्या पुस्तकांच्या दोन-दोन प्रती तेथे ठेवाव्या आणि महिन्यातून एका रविवारी सायंकाळी तासभर मोठ्याने वाचन व्हावे. भाषण नको, अध्यक्ष नको, हारतुरे नकोत. ज्यास ऐकावयाचे त्याने ऐकावे, ज्यास बोलावयाचे त्याने बोलावे, उठून जावेसे वाटले तर कोणी कारण विचारू नये. प्रारंभ 'स्मृतिचित्रे'ने करावा, कारण त्यात हसण्याची सोय आहे. वाचणारा सावकाश वाचणारा असावा. एखादी आजी पुढे आली तर उत्तमच. खुर्च्या मात्र वर्तुळात मांडाव्या, व्यासपीठाकडे तोंड करून नकोत.