दारापाशची जागा कोणाची?

आरमोरीहून मी, तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलते आहे. रोवण्या चालू असतील तर रेडिओ बांधावर ठेवा आणि हात चालू ठेवून ऐका. आज माझ्या मोडलेल्या पायाची गोष्ट सांगते. चूक माझीच आहे, म्हणून सांगायला थोडी लाज वाटते.

मागच्या पावसाळ्यात एका गावाहून मीटिंग करून परत येताना रपट्यावरच्या चिखलात माझी स्कूटी घसरली. उजव्या पायाचा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी बजावलं, पायावर वजन टाकायचं नाही. चौथ्या आठवड्यात एका गटाचं कर्जाचं काम निघालं. मी म्हटलं, स्कूटीला गिअर नाही, ब्रेक हातात, पायाचं काय काम? कुबडी पायापाशी आडवी बांधली आणि निघाले.

पायाचं काम काय असतं ते पहिल्याच चौकात कळलं. गाडी थांबली की पाय टेकावाच लागतो! समोर बैल आला असता तर आज हा कार्यक्रम दुसऱ्याच कोणी केला असता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ मध्ये हेच आहे. आपल्या शरीराच्या स्थितीमुळे गाडी चालवणं इतरांना धोक्याचं ठरेल हे माहीत असूनही चालवली, तर पहिल्या वेळी १००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर २००० पर्यंत. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी गेले असते बहुतेक, कारण माझ्याशिवाय काम होणार नाही असं मला वाटत होतं. गटातल्या बायांनी ते काम माझ्याशिवाय सहज केलं असतं.

तर बँकेच्या दारापाशी चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेली पाटी होती. मी तिथेच गाडी लावली. माझा पाय मोडलेला, मग ही जागा माझीच, असा हिशेब.

अर्ध्या तासानं बाहेर आले तर पाऊस लागला होता. दुसऱ्या गावातली एक ताई तिच्या तीन चाकी स्कूटरवर भिजत बसली होती. लहानपणीच्या पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेलेले. बाजूला उतार होता, तिथं कुबड्या टेकवून उतरणं तिला जमणारं नव्हतं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ती एवढंच म्हणाली, "पाय मोडला का व बाई? थोडी सरकवतेस का गाडी?" मलाही एका पायावर गाडी सरकवता येईना. शेवटी आतून शिपाईदादांना बोलावलं.

घरी आल्यावर भाच्यानं उपाय सुचवला, "मावशी, खुर्चीचं स्टिकर मिळते बाजारात, लावून टाक." आधी नीट शोधू म्हटलं. जे कळलं ते असं.

आपल्याकडे सहा आठवड्यांच्या फ्रॅक्चरसाठी पार्किंगचं कार्ड नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि दिव्यांगत्व दीर्घकाळाचं असावं लागतं. तपासणी होऊन यूडीआयडी कार्ड मिळतं. ४० टक्क्यांच्या आतलं पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० च्या वरचं निळं. "पण मुदतीचं प्रमाणपत्र असते ना?" असं एका गटात विचारलं. असतं. ज्यांच्या दिव्यांगत्वात पुढे बदल होऊ शकतो त्यांना ठराविक मुदतीचं देतात. जुळणाऱ्या हाडाला नाही. मात्र हाड वाकडं जुळलं, पाय आखूड राहिला, सांधा कायमचा आखडला, तर उपचार संपल्यावर गडचिरोलीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणीची चौकशी नक्की करा. "जाऊ दे, चालता येते ना" म्हणून आपल्या कितीतरी बाया गप्प बसतात.

आणि खोटेपणानं दिव्यांगांचा लाभ घेतला तर कलम ९१ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टिकरचा विषय तिथंच संपला.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मोडलेल्या पायालाही कार्ड मिळतं. लाल रंगाचं, डॉक्टरच्या सहीचं, जास्तीत जास्त १८० दिवसांचं. ते माणसाच्या नावाचं असतं. तो ज्या गाडीत असेल त्या गाडीत ते अडकवायचं. मला ही पद्धत बरी वाटते, कारण सहा आठवड्यांचं दुखणंही दुखणंच. पण तिथं कार्ड वाटण्याआधी जागा आखलेल्या असतात. आपल्याकडे पाटी एक, आणि तिच्याखाली मोटारसायकली दहा.

जागा कशी हवी हे केंद्राच्या सुगम्य बांधकामाच्या सूचनांत लिहिलेलं आहे. दारापासून ३० मीटरच्या आत, चारचाकीसाठी ३.६ मीटर रुंद, म्हणजे बाजूला चाकाची खुर्ची मावते. जिथं लोकांची ये-जा आहे ती बँकही कायद्यानं सार्वजनिक इमारतच. म्हणून आमच्या ग्रामसंघानं त्या शाखेला अर्ज दिला: उतार सपाट करा, पट्टे आखा. मजकूर त्या ताईनंच सांगितला, मी फक्त लिहिला. तुमच्या ग्रामपंचायतीतही स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा.

बाकी तुमच्यापैकी कोणाचा पाय मोडलाच तर गाडी घरी ठेवा. बहुतेक गटांच्या खात्यावर तिघींपैकी दोघींच्या सह्या चालतात, तेव्हा दुसऱ्या दोघींना पाठवा. स्वतः जावंच लागलं तर मागे बसून जा, दारात उतरा, आणि चालवणाऱ्याला गाडी लांब लावायला सांगा. आत खुर्ची मागायला कार्ड लागत नाही. मोठ्यानं मागा.

मागच्या सोमवारी त्या बँकेत गेले होते. पिवळे पट्टे आखलेत, उतार तसाच आहे. पट्ट्यात तीन मोटारसायकली उभ्या होत्या. शिपाईदादांनी दोन काढायला लावल्या. तिसरीचा मालक काही सापडला नाही.